पितराचं मागणं

ज्या साली माझ्या पुतणीचं, रंजनाचं लग्न झालं आणि जावयाला मोटारसायकल द्यायची म्हणून भावाने माझ्या वाटणीची खोली परस्पर विकून टाकली, त्या सालच्या भाद्रपदातली ही गोष्ट. लग्नात मी अक्षता टाकल्या, बुंदी खाल्ली आणि मांडव उतरायच्या आत पिशवी उचलून 'ओसरी'त राहायला आलो. ओसरी म्हणजे आमच्या तालुक्याच्या गावातला वृद्धाश्रम. पद्मावतीनगर नावाची नोकरदारांची कॉलनी, दोन्ही बाजूंना बंगले, आणि त्यांच्या मधोमध हे एक बैठं घर. निर्मलाबाई कासार ते चालवायच्या. आम्ही त्यांना नुसतं बाई म्हणायचो.

त्या दिवशी सकाळी मी फाटकाजवळ दाढी करत बसलो होतो. समोरच्या बंगल्यातले युवराज देवरे आत आले आणि मला खालून वर बघू लागले. बैलबाजारात बघतात तसे.

"याला खोकला नाही ना?" त्यांनी विचारलं. मला नाही, माझ्यामागे उभ्या असलेल्या बाईंना.

"झिपरूआबांना? नाही हो. ठणठणीत आहेत."

"हात थरथरतो का? गेल्या साली चौधरी सरांकडे एक म्हातारा बसवला, त्याने सगळी कढी अंगावर सांडून घेतली. बघवत नव्हतं."

"कशाला पाहिजेत ते?"

"उद्या सप्तमी. आमच्या बाबांची तिथी. हिलालनाना तर आमचे ठरलेलेच आहेत. पण यंदा आत्याच्या स्वप्नात आजोबाही आले. म्हणजे पानं दोन वाढावी लागणार." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मिशी काढू नका हं. पांढरी आहे, शोभेल."

आमच्या खानदेशात पितृपंधरवड्यात नुसता कावळ्याला घास टाकून भागत नाही. मेलेल्याच्या जागी एक जिवंत माणूस पाटावर बसवतात. त्याचे पाय धुतात, गंध लावतात, त्याला त्या दिवसापुरतं बाबा नाहीतर आजोबा म्हणतात, आणि त्याचं जेवण झाल्याशिवाय घरातलं कोणी तोंडात पाणी घेत नाही. त्यालाच पितर म्हणतात. पूर्वी भावकीतला, शेजारचा कोणी म्हातारा मिळायचा. आता बंगलेवाल्यांच्या भावकीतले म्हातारे खेड्यात राहतात, आणि घरात असले तरी आपल्या जित्या बापाला दुसऱ्याच्या मेलेल्या बापाच्या पाटावर कोण बसवील? म्हणून हे लोक ओसरीत यायचे. पंधरा दिवस आम्हाला मोठा भाव असायचा. उंच पाहिजे, काळा पाहिजे, दात असलेला पाहिजे, नसलेला पाहिजे, ज्याचा बाप जसा तसा.

देवरे गेल्यावर मी हिलालला सांगितलं. हिलाल माळी माझ्या शेजारच्या खाटेवर असायचा. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, ताडासारखा उंच. सारा जन्म त्याने आणि त्याच्या बायकोने बांधकामावर घमेली वाहिली होती.

"म्हणजे उद्या तू माझा बाप?" तो म्हणाला. "या झिपऱ्याला मी बाबा म्हणू?"

"पाया पड. आशीर्वाद देतो."

"थांब, लाथच घालतो आशीर्वादाला." आणि तो खो खो हसला. मग हसणं आवरून म्हणाला, "चल, बाहेर काय कापड बांधलंय ते वाच. सकाळपासून बघतोय. कुणाच्या वाढदिवसाचं आहे का?"

मी अक्षरं साठीनंतर शिकलो, ओसरीत आल्यावर, बाईंकडेच. जोडाक्षरं आली की अजून अडखळायचो. रस्त्यावर विजेच्या खांबापासून देवऱ्यांच्या कुंपणापर्यंत मोठा कापडी फलक बांधलेला होता. मी एकेक अक्षर जुळवत वाचलं. "पद्मावतीनगरात वृद्धाश्रमाचा वरचा मजला नको. आमचा विरोध." आणि खाली नावं.

मजल्याची गोष्ट अशी होती. ओसरीत बायांची एकच खोली होती आणि ती भरलेली. नवराबायको मिळून कोणी आलं तर बाईंना हात जोडावे लागायचे. पुण्याच्या एका गृहस्थाने वरचा मजला बांधून द्यायचं कबूल केलं होतं. पुरुषांनी वर जायचं आणि खालच्या खोल्या जोडप्यांना द्यायच्या. मोरीजवळची पहिली खोली बाईंनी हिलालला देऊ केली होती. कारण त्याची बायको, गोजराबाई, कंबर मोडून लेकीकडे पिंपरखेडला पडून होती. लेक वाईट नव्हती, पण घर जावयाचं. सासू घरात नको म्हणून जावयाने तिची खाट गोठ्यात टाकली होती. हिलाल ती खोली रोज एकदा उघडून बघायचा. तिच्यात तेव्हा गव्हाची पोती असायची.

मजल्याला नगरपालिकेची परवानगी पाहिजे, आणि रहिवाशांच्या हरकती ऐकल्याशिवाय ती मिळणार नव्हती. सुनावणी नवमीला होती.

"नावं वाच," हिलाल म्हणाला.

मी वाचत गेलो. हिलाल प्रत्येक नावाला मान हलवत होता.

"याच्याकडे मी दोन साल पंचमीला जेवलो. याच्याकडे चतुर्थीला. याने मला धोतर दिलं होतं, विरलेलं. हा चौधरी, याचं पुरण चांगलं असतं." मग थांबून त्याने विचारलं, "सगळ्यात वर कोण आहे?"

"युवराज देवरे."

हिलाल मागे वळला. आत जाऊन त्याने ट्रंकेतून टोपी काढली आणि तांब्यात निखारे घालून तिच्यावर फिरवत बसला.

"जाणार आहेस?" मी विचारलं.

"ठरलेलं आहे ना. जाणार."

सप्तमीला आम्ही दोघे रस्ता ओलांडून गेलो. त्याच फलकाखालून वाकून जावं लागलं, कारण तो एका बाजूने सैल पडला होता.

देवऱ्यांचा हॉल मोठा. मधोमध दोन पाट, पुढे केळीची पानं. सोफ्यावर देवऱ्यांचा मेहुणा आणि चौधरी सर बसले होते. चौधरी सर शाळेतून निवृत्त झालेले, कॉलनीच्या कमिटीचे सेक्रेटरी. कोपऱ्यात देवऱ्यांची आत्या, बायजाआत्या, भिंतीला टेकून बसली होती. नव्वदीची असेल. आम्ही पाटावर बसलो आणि देवरे परात घेऊन हिलालचे पाय धुवायला लागले.

"युवराजभाऊ," चौधरी सर सोफ्यावरून म्हणाले, "परवा मुद्दे मोजकेच मांडायचे. पाणी, गटार, अॅम्ब्युलन्स. मयताचं नाव काढायचं नाही. नाहीतर अधिकारी म्हणतील, माणसं मरणारच."

"पण खरा मुद्दा तोच आहे ना, सर." देवरे हिलालचा अंगठा टॉवेलने पुसत होते. "पोरांच्या परीक्षा असतात, सणवार असतात, आणि समोरून तिरडी चाललीय. मजला झाला की आणखी वाढणार. प्लॉट घेताना आम्हाला कोणी सांगितलं होतं का, की इथं मरायला टेकलेली माणसं ठेवणार आहेत म्हणून?"

"आणि आमच्या बेडरूमची खिडकी?" शैलावहिनी म्हणजे देवऱ्यांची बायको गंधाची वाटी घेऊन आली. "वरचा मजला झाला की नेमका समोर येतो. सकाळी उठल्याबरोबर काय यांच्या कवळ्या बघायच्या?" एवढं बोलून ती हिलालपुढे वाकली आणि म्हणाली, "बाबा, मान जरा वर करा." तिने त्याच्या कपाळाला गंध लावलं. अगदी गोल, कुठे न पसरलेलं. मग मलाही लावलं.

पाटावर बसलेल्या माणसाला कान असतात, हे त्या घरात कुणाला सुचलं नाही. मला वाटलं, उठावं आणि त्या परातीत थुंकावं. पण हिलाल शांत बसला होता. मी त्या दिवसापुरता त्याचा बाप होतो, म्हणून मीही शांत बसलो.

गोवरीच्या निखाऱ्यावर तूप-भात टाकून आगारी दिली. गच्चीवर घास ठेवला, तो कावळ्याने लगेच उचलला. "आला गं, माझा दादा आला," आत्या म्हणाली आणि तिने पदराने डोळे पुसले. पानं वाढली. खीर, उडदाचे वडे, कढी, डांगराची भाजी, गिलक्यांची भजी, कारली, अळूवडी. वास असा की कॉलनीभर गेला असेल.

देवऱ्यांच्या घरात एक रीत होती. पितराने पहिला घास घेण्याआधी त्याला विचारायचं, काय राहिलं असेल ते माग. मेलेल्याची जी वासना राहिली असेल ती त्या पितराच्या तोंडून निघते, आणि ती पुरवावी लागते, अशी समजूत. तशी ती सगळी ठरलेली बाब होती. देवऱ्यांच्या बापाला गूळ आणि तंबाखू आवडायची, म्हणून हिलालला आधीच सांगून ठेवलेलं असायचं की गूळ माग, तंबाखू माग. तो दर साली मागायचा. ते आणून द्यायचे. आत्या रडायची. मग सगळे जेवायचे.

"दादा," आत्या पुढे सरकून हात जोडून म्हणाली, "काय राहिलं असेल ते माग रे."

हिलालने दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

"युवराज," तो म्हणाला. एरवी तो साहेब म्हणायचा. "तो मजला होऊ दे."

"काय?"

"समोरचा मजला. तो होऊ दे. दुसरं काही नको."

देवरे हसले. मेहुण्याकडे बघून हसले. "बाबा, खाण्यातलं मागा. शैला, गूळ आण गं."

"गूळ नको. माझी बायको जावयाच्या गोठ्यात पडलीय. तिला माझ्याजवळ आणायचीय."

"नाना, हे काही बरोबर नाही हं," शैलावहिनी म्हणाली.

"नाना कुठं आहे इथं?" हिलाल म्हणाला. "आत्ता गंध लावताना बाबा म्हणालीस ना, पोरी?"

चौधरी सर सोफ्यावरून उठले. "हा सरळसरळ ब्लॅकमेल आहे. युवराजभाऊ, ऐकू नका."

"मास्तर, तुम्ही खाली बसा," आत्या कडाडली. "माझा भाऊ बोलतोय."

हिलालने पानाला हात लावला नाही. म्हणून मीही लावला नाही. लेक उपाशी असताना बाप कसा जेवेल? भूक मात्र मला लागली होती, खोटं कशाला बोलू. माझ्या पानावरची भजी हळूहळू मऊ पडत होती. कढीवर साय धरली. स्वयंपाकघरात पोरं कुरकुरत होती, कुणीतरी त्यांना चापट दिल्याचा आवाज आला. मेहुण्याने दोनदा घड्याळ बघितलं आणि म्हणाला, "दाजी, मिटवा ना काहीतरी. मला शुगर आहे."

"उठवा यांना," शैलावहिनी दातांतून म्हणाली. "दोघांनाही उठवा आणि दुसरे आणून बसवा. भरपूर पडलेत तिकडे."

"गंध लागलेला पितर उठवतात?" आत्या म्हणाली. "अगं, घर बसेल तुझं. माझा भाऊ उपाशी गेला तर मी या घरचं पाणी पिणार नाही, सांगून ठेवते."

"आत्या, हा तुमचा भाऊ नाही हो. हा समोरचा माळी आहे."

"मग पाय कुणाचे धुतले मघाशी?" आत्याने विचारलं.

हिलालने एक हात जमिनीला टेकवला आणि तो उठायला लागला. खरंच उठत होता की नाही, ते मला आजपर्यंत माहीत नाही. आत्याने त्याच्या पायावर डोकं ठेवलं. मोठमोठ्याने, मयतात रडतात तसं रडायला लागली.

देवऱ्यांचा चेहरा लाल झाला. "बरं, बरं. दिलं. माझी हरकत नाही. झालं?"

"असं नाही," आत्या म्हणाली. "पाणी सोड."

देवऱ्यांनी तांब्या उचलला, उजव्या तळहातावरून पाणी सोडलं आणि म्हणाले, "बाबा, मजल्याला माझी हरकत नाही. मी ती मागे घेतो."

हिलाल पुन्हा नीट मांडी घालून बसला आणि जेवला. असा जेवला की वाढणारी दमली. त्याने चार वेळा खीर मागितली. जेवल्यावर देवऱ्यांनी आमच्या पाया पडून एकेक उपरणं दिलं. चौधरी सर न जेवताच निघून गेले असं म्हटलं तर खोटं होईल. ते जेवले. आमच्यानंतर, पण जेवले.

परत येताना हिलाल म्हणाला, "कवळी तर माझ्याकडे नाहीच, झिपऱ्या. तिने काय बघितलं असेल?" आणि रस्ताभर हसत आला. संध्याकाळी त्याने स्टँडवर जाऊन पिंपरखेडच्या गाडीच्या कंडक्टरकडे लेकीला निरोप दिला, की आईची दोन लुगडी धुऊन ठेव.

नवमीला आम्ही चौघे जण बाईंबरोबर नगरपालिकेत गेलो. सभागृहात पंखे होते, पण चालत नव्हते. मुख्याधिकारी तरुण होते, सारखे मोबाईल बघत होते. कारकुनाने पुकारा केला, "हरकत पहिली. युवराज देवरे."

देवरे उठले. पांढरा शर्ट, कपाळाला गंध. "साहेब, मी माझी हरकत मागे घेतो. कारण घरगुती आहे."

हिलालने माझं मनगट इतकं घट्ट धरलं की हाताला मुंग्या आल्या.

"हरकत दुसरी. सौ. शैला युवराज देवरे."

शैलावहिनी उठली. हिरवी साडी, हातात कागद. "साहेब, घर माझ्या नावावर आहे. माझी हरकत आहे." आणि तिने वाचलं. पाणी, गटार, अॅम्ब्युलन्स, सगळं. वाचून झाल्यावर कागदाची घडी घातली आणि तोंडाने म्हणाली, "शिवाय हे लोक आमच्या घरात जेवायला येऊन आम्हाला धमकावतात. माझ्या सासऱ्यांच्या श्राद्धात ताटावर अडून बसले. अन्न आमचं खायचं आणि अडवायचंही आम्हालाच. आज खाली एवढेच आहेत तर ही तऱ्हा. वर मजला झाल्यावर आम्ही कुणाकडे बघायचं?"

सभागृहात मागून कोणीतरी "खरं आहे, खरं आहे" म्हणालं. मग एकेक करून सगळे उठले. ज्यांच्याकडे हिलाल पंचमीला जेवला होता ते उठले, चतुर्थीवाले उठले, विरलेलं धोतर देणारे उठले. चौधरी सर सगळ्यात शेवटी उठले आणि त्यांनी एक लांबलचक भाषण केलं. त्यात 'ज्येष्ठांविषयी आम्हाला नितांत आदर आहे' हे वाक्य दोनदा आलं.

बाई बोलल्या. त्यांना नीट बोलता येत नसे. एवढंच म्हणाल्या, "साहेब, एक जोडपं आहे. बाई गोठ्यात आहे. बाकीचं सोडा, तेवढ्यापुरतं तरी बघा."

"ताई, भावना समजतात," मुख्याधिकारी म्हणाले. "पण निवासी भाग आहे. बहुसंख्य लोकांचं म्हणणं डावलता येत नाही. गावाबाहेर जागा बघा ना. मोकळी हवा पण मिळेल त्यांना."

परवानगी नाकारली. पुढचा विषय डुकरांच्या बंदोबस्ताचा होता.

पायऱ्यांवर देवरे आमची वाट बघत थांबले होते. मला वाटलं, आता हा तोंड लपवील. पण नाही. ते सरळ हिलालपुढे आले.

"नाना, मी शब्द मोडलेला नाही हं. तुम्ही ऐकलंत. पाणी मी सोडलं होतं, तिने नव्हतं सोडलं. तिच्या मनावर माझी काही सक्ती नाही."

त्यांना ते खरंच वाटत होतं. तीच तर घाण होती. खोटं बोलणाऱ्याच्या डोळ्यांत कुठंतरी चोर असतो, ह्यांच्या डोळ्यांत काही नव्हतं. नुकतीच आंघोळ केल्यासारखा स्वच्छ, तुकतुकीत चेहरा. मी आयुष्यात मेलेलं जनावर ओढून नेलंय, तुंबलेलं गटार हाताने उपसलंय. पण त्या चेहऱ्याची आली तशी किळस मला कशाचीच आली नव्हती.

"चल," मी हिलालला म्हणालो.

"एक मिनिट," देवरे म्हणाले. "आत्याचं म्हणणं आहे, सप्तमीला वादावादी झाली, बाबा शांत मनाने जेवले नाहीत. म्हणून सर्वपित्री अमावास्येला परत पान वाढायचंय. येणार ना? फक्त या वेळी मागायचं ते खाण्यातलं मागा."

हिलालने त्यांच्याकडे बघितलं. मग तो पायऱ्या उतरायला लागला.

ओसरीत आल्यावर मी सगळ्यांना गोळा केलं. म्हणालो, यापुढे कॉलनीत कुणाच्या पाटावर कुणी बसायचं नाही. आणू देत त्यांना बाप कुठून आणायचे तिथून. सगळे हो म्हणाले. म्हातारा बळीराम तर म्हणाला, मी मेलो तरी जाणार नाही. हिलाल खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला होता. तो झोपला असेल असं आम्हाला वाटलं.

सर्वपित्रीला सकाळपासून फाटकाशी ये-जा सुरू झाली. एक आला, तोंड पाडून गेला. दुसरा आला, बाईंशी भांडून गेला. चौधरी सर स्वतः आले आणि म्हणाले, "अहो, असं काय करता? वर्षाचा दिवस आहे. पितरांवर राग काढू नये." बळीराम त्यांना म्हणाला, "सर, गावाबाहेर जागा बघा. मोकळी हवा आहे." आम्ही पोट धरून हसलो. कॉलनीतली माणसं मोटारसायकली काढून स्टँडवर म्हातारे शोधत फिरत होती. एकाने तर रसवंतीवाल्याच्या बापाला गाडीवर बसवून नेलं.

मग देवरे आले. आणि हिलाल उठला. त्याने टोपी घातली, सप्तमीचं उपरणं खांद्यावर टाकलं.

"कुठं?" मी विचारलं.

"जातो."

"त्यांच्याकडे?"

"हो."

"हिलाल, थुंकतील लोक तुझ्यावर. मी थुंकेन. त्या बाईने भर सभेत काय म्हटलं, ऐकलंस ना? अन्न आमचं खायचं म्हणाली. तेच खायला चाललास?"

"हो," तो म्हणाला. "सरक."

बळीराम मागून ओरडला, "वड्यांना भुलला रे म्हातारा." कोणीतरी शीळ घातली. हिलाल फाटकातून गेला. देवरे पुढे, हिलाल मागे. मी तोंड फिरवलं.

तो लवकर परत आला. खांद्यावर उपरणं नव्हतं, हातात त्याचं गाठोडं होतं, आणि गाठोड्याला तुपाचे डाग पडले होते.

"पिंपरखेडची गाडी कितीला आहे?" त्याने विचारलं. "चल माझ्याबरोबर. मला पाटी वाचता येत नाही, मागच्या वेळी पाचोऱ्याला उतरलो."

मी बोलणार नव्हतो. पण गेलो. गाडीत त्याने गाठोडं मांडीवर धरलं होतं, दोन्ही हातांनी.

"काय मागितलंस?" मी शेवटी विचारलं.

"खाण्यातलंच. म्हटलं, मला बांधून द्या. मी जेवत नाही, मला बांधून द्या."

"दिलं?"

"द्यावंच लागतं. आत्या म्हणाली, पितराचं अन्न घराबाहेर जात नाही. मी म्हटलं, मग मजला द्या. मग दिलं."

गोठ्यात दोन म्हशी होत्या आणि त्यांच्या पलीकडे खाट. गोजराबाई म्हणजे नुसतं हाडांचं गाठोडं, पण डोळे लखलखीत. लुगडं धुतलेलं होतं. दुसरं धुतलेलं लुगडं घडी करून उशाला ठेवलं होतं. लेकीने आम्हाला चहा आणून दिला आणि नवऱ्याची गाडी वाजली तशी घरात पळाली.

"मजला झाला का?" गोजराबाईने विचारलं.

"चाललंय काम," हिलाल म्हणाला. "स्लॅब पडला परवा."

"मग घाई करू नका. स्लॅबला एकवीस दिवस पाणी मारावं लागतं. त्या मुकादमाला सांगा, पोतं ओलं करून टाकायचं वर. नाहीतर तडा जाईल."

"सांगतो."

हिलालने गाठोडं सोडलं आणि आतला खिरीचा डबा उघडला. वडा मोडून खिरीत बुडवला आणि तिच्या तोंडात घातला. ती डोळे मिटून चावत राहिली.

"कुणाच्या घरचं आहे?"

"एका लेकाच्या."

"कुणाच्या लेकाच्या?" त्या दोघांना एक मुलगी सोडली तर दुसरं मूल नव्हतं.

"आहे एक. पाय धुतो माझे. बाबा म्हणतो."

गोजराबाई हसली. तिला पुढचे दात नव्हते. "गुणाचा दिसतोय," ती म्हणाली. "मग त्याला म्हणावं, आईलाही घेऊन जा."

हिलालने दुसरा वडा मोडला. मी बाहेर गव्हाणीपाशी जाऊन उभा राहिलो. तिथं शेणामुताचा वास होता, आणि दिवसभरात पहिल्यांदा मला स्वच्छ हवेत आल्यासारखं वाटलं.

वरचा मजला झाला नाही. गोजराबाई त्याच साली मार्गशीर्षात, दत्तजयंतीच्या आदल्या दिवशी, पिंपरखेडला गोठ्यात वारली. हिलाल माळी त्यानंतरच्या श्रावणात, पोळ्याच्या दिवशी दुपारी, ओसरीत आपल्या खाटेवर वारला.